तुरीच्या शेंगा सोलणाऱ्या काकू

माझ्या पटकथेत दोन माणसं नुसती बसून बोलायला लागली, की मला नेर गावातल्या आमच्या शेजारच्या काकू आठवतात. रिकाम्या हातांनी त्या कधी बोलल्याच नाहीत. हिवाळ्यात ओसरीवर तुरीच्या शेंगा सोलत बोलायच्या. दाणे पातेल्यात, टरफलं शेळीच्या टोपल्यात. कुणाचा राग आला, की शेंगा पटापट फुटायच्या. शब्द मात्र गोडच.

सिनेमाचं लिखाण शिकायला मी पुण्याला निघालो, तेव्हा त्यांचा निरोप घ्यायला गेलो.

"जाय ना बापा," काकू म्हणाल्या. "मले कायले वाईट वाटन?"

हात चालूच होते. पण टरफलं पातेल्यात पडत होती आणि टोपल्यातले दाणे शेळी खात होती. दोघींपैकी एकीनंही मान वर केली नाही.