न आलेल्या देवाची जागा

वृंदावहिनी गेल्याचा फोन आला तेव्हा मी कावासाकीहून घरी परतत होते. लोकल गाडीत होते, आणि इथे जपानात गाडीत कोणी फोन उचलत नाही. हातात फोन थरथरत होता, पडद्यावर सतीशदादांचं नाव होतं. दादा, म्हणजे वहिनींचे यजमान, कधी फोन करत नाहीत, दोन ओळींचा मेल पाठवतात. त्यामुळे काय ते मला कळलंच. पुढच्या स्टेशनवर उतरून बोलता आलं असतं. मी उतरले नाही. त्याच्या पुढच्याही स्टेशनवर उतरले नाही... एरवी माझा स्वभाव घाईचा, समोरच्याचं वाक्य पूर्ण व्हायच्या आत उत्तर देणारी बाई मी. पण त्या संध्याकाळी टोकियोतलं आमचं एदोगावा येईपर्यंत तशीच बसून राहिले. मी जोवर फोन उचलत नाही तोवर वहिनी आहेत, असं काहीतरी खुळं मनाशी चाललं होतं. शेवटी स्टेशनबाहेर सायकलींच्या रांगेपाशी उभी राहून फोन लावला. दादा म्हणाले, "मेधा, गेली गं ती. दुपारीच." मग "घरी जा, इरा वाट बघत असेल," एवढं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

त्याला आता दीड-दोन महिने होतील. वहिनी नात्याने माझ्या कोणी नव्हत्या. दोन हजार तीन साली माझ्या नवऱ्याच्या, प्रसादच्या, कंपनीने त्याला इथल्या कामावर पाठवलं, त्याच्या मागोमाग मी, आणि माझ्या कडेवर वर्षाची इरा. त्या काळात पुण्या-मुंबईची संगणकवाली कुटुंबं एदोगावात एकेक करून येत होती आणि आमच्या इमारतीत तर मराठी ऐकू आलं नाही असा जिना नव्हता. वहिनी खालच्या मजल्यावर राहायच्या. पहिल्याच सकाळी त्या वर आल्या, माझी कचऱ्याची पिशवी उघडून बघितली आणि म्हणाल्या, "अगं, हे सगळं एकत्र टाकलंस तर पिशवी परत दारात येईल. इथे राज्य कचऱ्याचं, आपण प्रजा." मग जमिनीवर बसून त्यांनी मला जळणारं काय, न जळणारं काय, बाटल्यांची टोपणं कुठे, सगळं शिकवलं. मला खरं तर राग आला होता. सासूबाईंपासून इतक्या लांब येऊनही कोणीतरी माझी पिशवी उचकटतंय म्हणून! महिन्याभरात मात्र माझं त्यांच्यावाचून पान हलेनासं झालं.

वहिनी पुण्यात कॉलेजात इतिहास शिकवायच्या. पुण्याच्या मुलीने इतिहासात संशोधन करायचं म्हणजे शिवकाल नाहीतर पेशवाई, हे जणू ठरलेलंच. वहिनींनी घेतलं मंडी. हिमाचलातलं, बियास नदीच्या काठावरचं राजपुतांचं संस्थान. कॉलेजच्या मुलींबरोबर डोंगर चढायला म्हणून गेल्या, उतरताना मंडीत शिवरात्रीची जत्रा लागली, आणि बाई तिथेच अडकल्या. "आपल्याकडचा इतिहास संपला का?" असं घरच्यांनी विचारलं, तर म्हणाल्या, "आपल्याकडचा लिहायला खूप जण आहेत." पुढे दादा इथे उत्तरेकडच्या सेंदाईच्या विद्यापीठात संशोधनाला आले, लग्न होऊन त्याही आल्या. मग दादांनी टोकियोत नोकरी धरली. वहिनींचा प्रबंध अर्धाच राहिला, पण मंडी काही सुटली नाही. खाली बागेत वाळूच्या खड्ड्याभोवती आम्ही बायका गप्पा मारत असायचो आणि आमची पोरं वहिनींच्या भोवती. त्या सांगायच्या ते मंडीचे सेन राजे, शेजारचं त्यांच्याच भाऊबंदांचं सुकेत संस्थान, दोघांची पिढ्यान्‌पिढ्यांची भांडणं, डोंगर पोखरून काढलेलं काळपट लाल मीठ आणि त्या मिठावर श्रीमंत झालेलं राज्य. जपानी शाळेत जाणाऱ्या मुलांना तानाजी माहीत नव्हता, पण मंडीच्या मिठाच्या खाणी कोणत्या हे त्यांना झोपेतही सांगता आलं असतं.

या सगळ्यात एक गोष्ट मुलांची फार लाडकी होती. सतराव्या शतकात मंडीच्या एका राजाने माधोराय नावाची कृष्णाची चांदीची मूर्ती घडवून घेतली आणि आपलं अख्खं राज्य तिच्या नावे करून टाकलं. राजा देव, आणि आपण नुसते कारभारी. तेव्हापासून शिवरात्रीच्या जत्रेला डोंगराडोंगरांतले गावदेव पालख्यांत बसून मंडीला येतात, ते आधी माधोरायाला भेटतात. "म्हणजे आपले माधवरावच की हे!" प्रसाद दरवेळी म्हणायचा आणि वहिनी दरवेळी पहिल्यांदाच ऐकल्यासारख्या हसायच्या. मुलं विचारायची, राजाने राज्य देऊन का टाकलं? वहिनी म्हणायच्या, "कंटाळा आला त्याला राज्य करून." मुलांना ते पटायचं. आम्हालाही पटायचं, कारण आमच्यापैकी कोणी पुढचं वाचायला गेलं नव्हतं.

आमचा गणपतीही वहिनींनी मंडीसारखा केला. इथे मोठी मूर्ती आणायची कुठून आणि विसर्जन करायचं कुठे? मग गणपतीतल्या एका रविवारी ज्याने त्याने आपल्या देव्हाऱ्यातला पितळी गणपती घेऊन वॉर्डाच्या सभागृहात यायचं. कोणाचा गणपती लॅपटॉपच्या बॅगेतून, कोणाचा डब्याच्या पिशवीतून, एकाचा तर बाळाच्या लोकरी टोपीतून गाडीतून यायचा. तातामीच्या, म्हणजे गवती चटयांच्या, खोलीत भिंतीशी पाटांवर सगळ्यांची रांग. पहिल्याच वर्षी मानावरून वाजलं. एका काकूंचं म्हणणं, आमचा गणपती सात पिढ्यांचा आहे, तो कडेला कसा? वहिनी शांतपणे म्हणाल्या, "काकू, मंडीतही देव असेच भांडतात. आपण असं करू, जो लांबून आला तो पुढे." त्यामुळे दरवर्षी पहिला मान सेंदाईहून येणाऱ्या कोणा विद्यार्थ्याच्या गणपतीला मिळू लागला. त्या मुलाला प्रसादाचं पानही वहिनी स्वतः वाढायच्या.

रांगेच्या शेवटी मात्र एक चौकोनी गादी असायची, सभागृहातली नेहमीची, आणि तिच्यावर वहिनींनी घरून आणलेला हिरवा खण. त्यावर कोणताच देव नसायचा. विचारलं तर सांगायच्या की मंडीत एक थोरला देव आहे, तो जत्रेला येतो पण मैदानात उतरत नाही, टेकडीवरून बघतो. "तशी ही न आलेल्या देवाची जागा." आम्हाला ते आवडलं. चार वर्षांची इरा एकदा खेळता खेळता नेमकी त्या गादीवर जाऊन बसली. "अगं ऊठ, ऊठ!" म्हणून आम्ही सगळ्या धावलो. वहिनी आरतीचं तबक घेऊन तिथेच उभ्या होत्या. म्हणाल्या, "बसू दे तिला." सगळ्यांची आरती होईपर्यंत इरा तिथे मांडी घालून बसली होती आणि वहिनींचं लक्ष देवांकडे नव्हतंच. मला वाटलं, मूल नाही म्हणून पोरीचं कौतुक करतायत.

मूल का नाही, हे आपल्याकडे जसं कोणीही उठून विचारतं तसं आम्ही वहिनींना कधी विचारलं नाही. त्यांना नकोच असेल, असं मी धरून चालले होते. इथे कुठल्याही उपाहारगृहात शिरलं की दारातच विचारतात, किती जण? दादा दोन बोटं वर करून सांगायचे, "फुतारी." म्हणजे दोघं. एकदा मी नि प्रसादही त्यांच्या मागोमाग शिरलो आणि दादा सवयीने दोन बोटं वर करून मोकळे झाले, आम्हाला विसरूनच. सगळे हसलो. वहिनी माझ्या कानाशी म्हणाल्या, "इतकी वर्षं झाली, आमचं उत्तर काही बदलत नाही." मी तेही हसण्यावारी नेलं.

मग मंदी आली. कंत्राटं संपली, निम्मी कुटुंबं सामान वाटून पुण्याला परतली. त्यांच्या मागून आलेली मुलं वेगळी होती, हुशार, चटपटीत. यंदा त्यांनी समिती केली. या समितीचा कौस्तुभ मला भेटायला आला. "मेधाताई, टेक्निकली बघा ना. मोठा हॉल बुक केलाय, खुर्च्यांचा. पुण्याहून एकच छान मूर्ती मागवू, स्टेज, स्क्रीन, मुलांचा प्रोग्रॅम. घरचे गणपती घरीच राहू देत, फार मॅनेज करावं लागतं." त्याचं काही चुकत नव्हतं, म्हणून तर मला जास्त राग आला. त्या वेळी वहिनी हॉस्पिटलात होत्या. पोटातला आजार कळला तेव्हा फार पुढे गेला होता आणि पुण्याला जायचं का, असं दादांनी विचारल्यावर त्या नको म्हणाल्या होत्या. का नको, ते त्यांनी सांगितलं नव्हतं.

मी तणतणत हॉस्पिटलात गेले, बरोबर इरा होती. वहिनी उशीला टेकून बसल्या होत्या, हात अगदी काटकुळे झाले होते. माझी सगळी फिर्याद त्यांनी ऐकून घेतली. म्हणाल्या, "बदलू दे गं. राज्य देवाचं, कारभारी बदलणारच. फक्त ती एक जागा तेवढी..." आणि थांबल्या. मी पुढे काही बोलणार तेवढ्यात इराने विचारलं, "वहिनीमावशी, राजाला खरंच कंटाळा आला होता?" पोर आता आठ वर्षांची झाली होती, कंटाळ्याने कोणी राज्य देत नाही हे तिला कळायला लागलं होतं. वहिनींनी तिच्याकडे खूप वेळ बघितलं.

"नाही," त्या म्हणाल्या. "त्याला अठरा मुलगे होते असं सांगतात. ते सगळे त्याच्या आधी गेले."

"मिन्ना?" इराने विचारलं. सगळेच? ती घाबरली की जपानीतच बोलते.

"मिन्ना. मग राज्य द्यायचं कोणाला? म्हणून देवाला दिलं."

इरा पलंगाच्या आणखी जवळ सरकली. मग म्हणाली, "तुमचे किती होते?"

मी तिला ओढणार होते, पण वहिनींनी हाताने मला थांबवलं. "एक," त्या म्हणाल्या. "सेंदाईला झाला. रडलाच नाही. बाहेर नुसता बर्फ होता... आणि पुण्याहून फोनवर सगळे एकच सांगत होते, विसरून जा, नाव ठेवू नका, फोटो काढू नका." सेंदाईतल्याच एका देवळात त्याची राख ठेवली होती. म्हणून पुण्याला जायचं नव्हतं.

"मग तो कुठे बसतो?" इराचा पुढचा प्रश्न.

"तू बसली होतीस ना एकदा," वहिनी म्हणाल्या, "तिथे."

मी खिडकीशी जाऊन उभी राहिले. रडू आवरत नव्हतं आणि त्यांच्यासमोर रडायचं नव्हतं. इतकी वर्षं ती गादी मी स्वतः उचलून ठेवली होती, खणाची घडी घातली होती. एवढ्या मोठ्या जगात त्या मुलाला तेवढीच एक जागा होती, वर्षातून एक दुपार, आणि तीही वहिनींनी दुसऱ्या देवाच्या नावावर मागून घेतलेली. निघताना त्यांनी इराला उशाशी ठेवलेला खण दिला. मला काही सांगितलं नाही, इरालाही नाही. पंधरवड्याने त्या गेल्या.

कौस्तुभला मी फोन करून सांगितलं की ती जागा ठेवायची आहे. "कशासाठी, ताई?" त्याने विचारलं. वहिनींनी जे आयुष्यभर कोणाला सांगितलं नाही ते मी फोनवर कसं सांगणार? "ठेवायची आहे, बस्स," म्हणाले आणि भांडणाच्या सुरातच फोन ठेवला.

गणपतीच्या रविवारी हॉल गच्च भरला होता. मूर्ती खरोखरच देखणी होती. तातामी नाही, गाद्या नाहीत, ओळीने घडीच्या खुर्च्या. आमची घरातून निघायची गडबड झाली आणि पोहोचलो तशी इरा माझा हात सोडून पुढे पळाली. मी बघितलं तर ती पहिल्या ओळीत उभी, आणि कडेच्या तीन खुर्च्यांपैकी मधल्या खुर्चीवर हिरवा खण अंथरलेला. त्याच्या एका बाजूच्या खुर्चीवर, कोणासाठी जागा धरावी तसा, तिने आपला रुमाल पसरला होता, शाळेचा, सशाच्या चित्राचा. कौस्तुभ लोकांना बसवत तिथे आला. मी धावले, पण त्याच्या आवाजात चीड नव्हती. त्याने वाकून तिला विचारलं, "इरा-सान, इथे कोणी येणार आहे का? किती जण?"

इराने मागे वळून दाराकडे बघितलं. सतीशदादा आले होते. बूट काढायचे की नाही हे न कळून उंबऱ्याशीच घोटाळत उभे होते. वहिनींशिवाय ते कुठे आत शिरलेले मी कधी पाहिलेच नव्हते. इराने तीन बोटं वर केली.

"सान्‌निन," ती म्हणाली. तिघं.

दादांनी ते ऐकलं. ते सगळ्यांमधून वाट काढत पुढे आले आणि खणाच्या दुसऱ्या बाजूच्या खुर्चीवर बसले. आरती सुरू झाली. सगळे उभे राहिले, दादा तेवढे बसून होते, एक हात शेजारच्या खुर्चीच्या पाठीवर टाकून, आपल्या मुलाच्या पाठीवर टाकावा तसा.