चाचा आणि बिस्किटवाली मशीन

"काहून विकून राह्यले भाऊ?"

जुनी मशीन विकत घ्यायला गेलं की आमचे चाचा आधी हे विचारायचे, आणि मशीनकडे न बघता विकणाऱ्याच्या तोंडाकडे बघत राहायचे. "मशीन खोटी नाही बोलत, विकणारा बोलते," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. स्वतः मात्र वय विचारलं की बिनदिक्कत खोटं बोलत. मी आर्णीच्या जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, वजनकाट्यावर होतो, तेवढी सगळी वर्षं ते पंचावन्नचेच होते.

चाचा जिनिंगचे फिटर, आणि जुन्या मशिनींच्या खरेदीतले शेठजींचे उजवे हात. ते दिवस कापसाच्या पडत्या काळाचे. भाव नाही, माल नाही, आजूबाजूच्या जिनिंग एकेक करून बंद पडत होत्या. त्यातच शेजारच्या जिनिंगला आग लागली. कापसातून विळ्याचं तुटकं टोक आत गेलं, ठिणगी उडाली आणि अख्खी गंजी जळाली. शेठजी घाबरले. पट्ट्यावरच्या कापसातलं लोखंड पकडणारी मशीन आणा म्हणाले, पण जुनीच.

नागपूरच्या वाटेवर बिस्किटांचा एक कारखाना बंद पडला होता, तिथं अशी मशीन होती. चाचांनी मला सोबत घेतलं आणि एसटीत मांडीवर कापसाचं पोतं घेऊन बसले. कंडक्टरनं पोत्याचं तिकीट मागितलं, तर म्हणाले, "याले नजर लागते, म्हणून मांडीवर घेतलं." कारखान्याचा माणूस पोतं बघून हसला. चाचांनी शांतपणे कापसात खिळा लपवून पट्ट्यावर सोडला. मशीन थांबली. मग त्यांनी त्या माणसाच्याच बोटातली चांदीची अंगठी मागून घेतली आणि तीही कापसात दडवली. मशीन पुन्हा थांबली. तेव्हा कुठे ते सौद्याला बसले.

परतताना मी म्हटलं, "चाचा, शेठजींना लोखंड पकडायचंय. चांदीचं काय काम?"

"काटेवाले, गाडीत कापूस दाबाले कोण उभं राह्यते? बायाच ना? त्याईच्या पायात काय असते?"

तुम्ही गावात कापसाची गाडी भरताना पाहिली असेल, तर कळेल. बाया आत उभ्या राहून कापूस तुडवतात आणि पायातलं जोडवं कधी निसटतं ते त्यांनाही समजत नाही. मी जन्मभर कापसात राहिलो, पण हे माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं.

मशीन बसली त्या दिवशी ती दुपारपर्यंत नुसती बोंबलत होती. कापूस नसतानाही थांबायची. चाचांनी ती पूर्ण खोलली, पुन्हा जोडली, स्वतःच्या खिशातली किल्लीसुद्धा बाहेर ठेवून आले. शेवटी वर बघितलं, तर ढिगावर काम करणाऱ्या कमलाबाईंनी मशीनला दृष्ट लागू नये म्हणून लिंबू-मिरची टांगली होती, तीही लोखंडी तारेत ओवून. आता चाचा चिडणार, असं आम्हाला वाटलं. त्यांनी तार काढली, लिंबू-मिरची सुती दोऱ्यात ओवली आणि होती तिथंच टांगली.

त्यानंतर पट्टा थांबायचा तेव्हा खिळे निघायचे, सायकलचा आरा निघायचा, आणि अधूनमधून जोडवं. चाचा मला विचारायचे, "हा ढीग कोणत्या गावचा?" शुक्रवारची नमाज झाली की जोडवं रुमालाच्या टोकाला बांधून लुनावर त्या गावी निघायचे. पारावर बसून फक्त एवढंच विचारायचे, "कोणाचं काही हरपलं काय?" वस्तू दाखवायची नाही. जी बाई बरोबर खूण सांगेल, तिची.

ही गोष्ट गावोगाव पसरली. एकदा एक तरुण माझ्या काट्याशी येऊन घुटमळला. त्याच्या बायकोच्या मंगळसूत्राची सोन्याची वाटी कापूस वेचताना पडली होती. सासू म्हणत होती, हिनं ती भावाला विकायला दिली. दिवाळीपासून पोरगी माहेरी होती, आणि वाटी आणल्याशिवाय दारात येऊ नको, असं सासूनं सांगून ठेवलं होतं.

त्यांचा कापूस मोठ्या ढिगात मिसळला होता. चाचांनी मशीन इतकी बारीक लावली, की बिडीच्या बंडलातल्या चमकीलाही ती थांबू लागली. बाहेर कापसाच्या गाठी न्यायला आलेला ट्रक खोळंबून उभा. शेठजी ओरडत आले, "चाचा, जिनिंग चालवून राह्यले का सोनारकी?"

"शेठ, आग लागली तं तुमाले विमा भेटन. त्या पोरीले कोण देईन?"

शेठजी ट्रकवाल्याला चहा पाजायला घेऊन गेले.

संध्याकाळी वाटी सापडली. चाचांनी ती नवऱ्याकडे दिली नाही. त्याच्याच मोटरसायकलवर मागे बसून, मलाही लुनावर मागे यायला लावून, त्याच्या घरी गेले. सासूनं हात पुढे केला.

"तुमाले नाही देत, मावशी. जिची हाये तिले देईन, इथंच, तुमच्यासमोर."

"ते तं माहेरी हाये."

"मंग पोराले धाडा. मी बसलो."

आणि अंगणातल्या खाटेवर बसले. सासूनं चहा दिला, त्यांनी घेतला. पुन्हा दिला, पुन्हा घेतला. शेवटी म्हातारीच पोराला म्हणाली, "जा, आण तिले." पोरगी आली. चाचांनी वाटी तिच्या तळहातावर ठेवली आणि सासूकडे बघितलं. म्हातारीनं डोळ्याला पदर लावला आणि सुनेला म्हणाली, "हातपाय धू, जेवून घे." मला त्या माणसाचा त्या दिवशी फार अभिमान वाटला. अजून वाटतो.

पुढे चाचा छातीच्या दुखण्यानं गेले. दोन हंगामांनी जिनिंगही बंद पडली. मशीन एका मिरची कारखान्यानं घेतली. ती ट्रकवर चढवत होते, तेव्हा बाया रिकाम्या अंगणात उभ्या होत्या. दुसऱ्या दिवसापासून त्या रोजीनं दुसऱ्यांच्या शेतात कापूस वेचायला जाणार होत्या. ट्रक फाटकाबाहेर गेला. कमलाबाईंनी खाली वाकून पायातली दोन्ही जोडवी काढली आणि पदराच्या गाठीत घट्ट बांधली.

"आता हरपलं ते हरपलंच, बापा," त्या म्हणाल्या आणि घराकडे निघाल्या.