एकशे बाराव्या पानावरची ओवी

ही गोष्ट मी बायकोलाही सांगितलेली नाही. सांगायची म्हणून दोनदा तिच्यासमोर बसलो, आणि दोन्ही वेळा पाणी प्यायचं निमित्त करून उठलो. आता तुम्हाला सांगतो आहे — तुम्ही ओळखीचे नाही म्हणून असेल. किंवा नुसता थकलो म्हणून असेल.

जामखेड तालुक्यातल्या एका हायस्कुलात मी तीस वर्षं मराठी शिकवलं आणि एक कादंबरी लिहिली. एकच. पेशवाईच्या उतरत्या काळात आमच्या खर्ड्याच्या बाजूला नारू नावाचा एक शाहीर होऊन गेला असं जुनी माणसं सांगायची. त्याची आणि त्याच्या आईची ती गोष्ट. शाहिराबद्दल इकडून तिकडून थोडंफार मिळालं. आईबद्दल काहीच नाही, तिचं नावसुद्धा नाही. मग तिला बोलतं कसं करायचं? तिच्या तोंडची भाषा कुठून आणायची? मी आपला माझ्याच आईकडं गेलो.

माझी आई ऊसतोडीला जायची. अक्षरओळख नाही, पण ओव्या — अहो, विचारू नका. गावात गिरणी आली, जातं कोपऱ्यात गेलं, तरी भाजी निवडतानाही तिच्या तोंडात ओवी असायची. बायका ओवीत आपल्या माणसांची नावं गुंफतात, हे तुम्हाला ठाऊक असेल. भावाचं, लेकाचं, नवऱ्याचं. आईच्या ओव्यांत आम्ही सगळे होतो. आणि बनू होती.

बनू माझी धाकटी बहीण. श्रीरामपूरकडं ऊस तोडायला गेलो होतो तेव्हा पाचटाच्या कोपीत तापानं गेली. चार वर्षांची होती, मी आठचा. तिथंच बांधाकडेला पुरली. दुसऱ्या दिवशी आई कोयता घेऊन फडात गेली, कारण टोळी कुणासाठी थांबत नाही. बनूचा फोटो नाही. शाळेत नाव घालायच्या आधीच गेली, त्यामुळं कुठल्या कागदावरही ती नाही. होती ती फक्त एका ओवीत —

दळून झालं बाई, सुपात उरली मूठ
बनूबाई माझी, ऊन झालं आता ऊठ

सुपात मूठभर दाणे मागं ठेवायची रीत असते, दळण पुरतं संपवायचं नसतं. आणि ऊन वर आलं तरी न उठणारी पोर. मी वहीत लिहून घेत होतो आणि माझा हात थांबला, खरंच थांबला. आई म्हणाली, बाकीच्या ओव्या तुझ्या पुस्तकात कशा पण घाल. ह्या एकीत मात्र बनूचं नाव राहू दे. छापून आलं तर कुठंतरी ऱ्हाईल. मी म्हणालो, राहील. तिच्या हातावर हात ठेवून म्हणालो.

आता येतो मुद्द्यावर. किती वेळ टाळणार?

कादंबरीत नारूची आई त्याला उठवते असा प्रसंग होता. मला दुसरं काही सुचत नव्हतं, आणि ही ओवी तिथं अशी चपखल बसत होती — फक्त नाव बदलायचं. मी बनूबाई खोडलं. नारूबाळा लिहिलं. नारूबाळा माझ्या, ऊन झालं आता ऊठ. एका शब्दाचं काम, दोन मिनिटंही लागली नाहीत. पुस्तकाच्या सुरुवातीला एक ओळ टाकता आली असती, की ही ओवी माझ्या आईची, तिच्या गेलेल्या लेकीसाठीची. नाही टाकली. पुस्तकातली सगळ्यात चांगली ओळ माझी नाही, हे मला सांगायचं नव्हतं.

लोकांनी ती ओळ डोक्यावर घेतली. वक्ते सांगायचे की ही आई पोराला नाही, त्याच्यातल्या कवीला उठवते आहे. मी मान डोलवायचो. नगरला एका कार्यक्रमात कुणीतरी विचारलं, ही ओवी तुम्हाला मिळाली कुठं? मी म्हणालो, लिहिता लिहिता आली. किती सहज म्हणालो!

आमच्या गावच्या शाळेनंही सत्कार ठेवला. आई नवं लुगडं नेसून, डोक्यावर पदर घेऊन ओट्यावर तयार बसली होती. कुणीतरी ती ओवी म्हणणार, हे मला माहीत होतं. मी तिला म्हणालो, उन्हाचं कशाला येतेस, चक्कर येईल. शाळा घरापासून तीनशे पावलांवर आहे. मी शाल-नारळ घेऊन परत आलो तेव्हा ती त्याच लुगड्यात शेंगा फोडत बसली होती.

पुस्तक मी तिला दिलं होतं. तिनं विचारलं, कुठं हाय बनू? मी एकशे बारावं पान काढून तिचं बोट धरून त्या ओळीवर ठेवलं. म्हणालो, ही बघ, इथं. तिनं त्या शब्दाला कुंकू लावलं. त्यानंतर दर रविवारी मी गावी गेलो की ती पुस्तक पुढं करायची आणि मी वाचायचो. छापलेलं नारूबाळा, आणि मी वाचायचो बनूबाई. अशी सहा वर्षं. आवाजही कापायचा नाही. सवय कशाची होत नाही?

मग एका रविवारी वाचून झाल्यावर आईनं पुस्तक मिटलं नाही. तसंच मांडीवर ठेवून बसली. म्हणाली, "परवा शेजारच्या सुनंदाला वाचाया लावलं हुतं."

सुनंदा दहावी शिकलेली, तिला काय वाचता येत नाही?

"तिच्या वाचन्यात बनू न्हाई आली," आई म्हणाली. "तूच वाचत जा, बापू. तू वाचतो तवाच येती ती."

ती रागावली नव्हती. मला वाटतं, रागावली असती तर मी तेव्हाच तिचे पाय धरले असते. खरंच धरले असते का? आता काय सांगू. मी फक्त पान पुन्हा समोर घेतलं आणि पुन्हा वाचलं. तिनं डोळे मिटून ऐकलं. पुढं ती गेली तोवर दर रविवारी आम्ही दोघांनी ते तसंच चालवलं, मला सगळं माहीत असताना आणि तिलाही.

तिला जाऊन दोन वर्षं झाली. परवा नव्या आवृत्तीची मुद्रितं आली. प्रकाशकानं लिहिलं होतं, काही बदल करायचे असतील तर हीच वेळ. मी लाल पेन घेऊन बसलो. शेजारी आईची प्रत उघडी ठेवली होती, नारूबाळा या शब्दावर कुंकवाचा डाग, वाळून काळपट झालेला. एकशे बाराव्या पानावर मी बराच वेळ होतो. ओवी आता सगळ्यांना पाठ आहे, लोक विचारतील, वीस वर्षं काय करत होतात मास्तर — हे सगळं डोक्यात येऊन गेलं.

बाकी पुस्तकात मी सात चुका दुरुस्त केल्या. त्या पानावर काही केलं नाही. गठ्ठा मंगळवारी कुरिअरनं गेला.