बेहरूझला दोनदा विचारलं

बातमी चार ओळींची होती. आधी ती मोबाइलवर आली, बेहरूझच्या मुलीकडून, इंग्रजीत. बाबा परवा गेले, घरीच, फार त्रास झाला नाही. मग दोन दिवसांनी पेपरातही आतल्या पानावर, जाहिरातीच्या खाली... इराणचे माजी श्रममंत्री, मवाळ गटाचे नेते, दीर्घ आजाराने निधन. मवाळ! माणूस जन्मभर दोन्हीकडच्या शिव्या खातो आणि शेवटी त्याच्या वाट्याला एवढा एक शब्द येतो. मी पेपरची घडी घालून ठेवली. शालन, माझी बायको, म्हणाली, "अहो, रडा तरी." मला रडू येत नव्हतं, राग येत होता. त्याचा येत होता, त्याच्या देशातल्या साहेबलोकांचा येत होता आणि सगळ्यात जास्त माझा स्वतःचा येत होता. आता सहा आठवडे झाले. राग कमी होत नाही, म्हणून लिहायला बसलो आहे.

आमची ओळख विशीतली. तेव्हा पुण्याच्या कॉलेजांमध्ये इराणी मुलं खूप असायची. त्यातलाच हा एक, इंजिनिअरिंगचा, सहा महिने ट्रेनिंगसाठी पिंपरीच्या आमच्या कारखान्यात आला. मी टूलरूमला अप्रेंटिस होतो. त्याची राहायची सोय ऐनवेळी फिसकटली, तेव्हा मी त्याला आकुर्डीला घरी घेऊन आलो. दोन खोल्या, बाहेर गोठा, त्यात हा सहा फुटी गोरा माणूस वाकून दारातून आत आला. आईनं पहिल्या संध्याकाळी पिठलं-भाकरी वाढली. त्यानं एक भाकरी खाल्ली. आईनं दुसरी पुढे केली तर छातीवर हात ठेवून म्हणाला, नको. "घे की रं, लाजतोस व्हय?" आई म्हणाली. तो पुन्हा मान झुकवून नको म्हणाला. आईनं भाकरी टोपल्यात परत ठेवली. आमच्याकडे आग्रह दोनदाच, तिसऱ्यांदा म्हणजे समोरच्याला छळल्यासारखं होतं.

चौथ्या दिवशी हा जॉब पकडायच्या व्हाइसपाशी उभा असताना चक्कर येऊन खाली बसला. कँटीनमध्ये नेऊन खायला घातलं तेव्हा बोलला. त्यांच्याकडे पाहुण्यानं पहिल्यांदा नको म्हणायचं, दुसऱ्यांदाही नको म्हणायचं आणि यजमानानं तिसऱ्यांदा विचारलं की मग घ्यायचं, अशी रीत. दुसऱ्यांदा विचारल्यावरच हो म्हणणारा हावरट. "दत्ता," तो अगदी रडवेला होऊन म्हणाला, "तुझी आई तिसऱ्यांदा विचारतच नाही!" मी हसून हसून लोळलो. आईला सांगितलं तर तिनं कपाळावर हात मारला. "आगं बया! उपाशी मारलं की मी पोराला!" त्या दिवसापासून आई बोटं मोजून त्याला तीनदा विचारायची आणि तो तिसऱ्या बोटाला ताट पुढे करायचा. त्याला चहा बिनसाखरेचा लागे, साखरेचा खडा दातात धरून वरून चहा प्यायचा. तसले चौकोनी खडे आकुर्डीत कुठले? आईनं देवघरातली खडीसाखरेची बरणी खाली काढली. शेजारणीनं नाक मुरडलं तेव्हा आई म्हणाली, "देवाला काय, त्यो च्या पीत न्हाई."

कामात तो तसा बरा, पण माझ्यासारखा हट्टी नाही. मी जॉब अगदी मापाला आणेपर्यंत घासत राहायचो. हा, जॉब चालण्याइतक्या मर्यादेत बसला की कानस खाली ठेवायचा. मी चिडवायचो, तुझं सगळं अर्ध्यावर. तो हसायचा. पुढे तो गेला, तिकडे राज्य उलथलं, मग युद्ध झालं आणि कित्येक वर्षं पत्र नाही. नंतर पत्रं सुरू झाली तेव्हा हा सरकारी खात्यात वर वर चढत होता आणि एक दिवस चक्क श्रममंत्री झाला. मी गल्लीत पेढे वाटले. आमच्या घरी जेवलेला माणूस मंत्री, तोही कामगारांचा! मी तोवर आमच्या युनियनचा सेक्रेटरी होतो.

तिथे शिक्षकांनी संप केला, बऱ्याच जणांना तुरुंगात टाकलं. बेहरूझनं आतून खटपट करून निम्मे सोडवले. मी खरमरीत पत्र लिहिलं, बाकीच्या निम्म्यांचं काय? त्याचं उत्तर आलं, दार सताड उघडायला गेलो तर ते लोक कायमचं बंद करतील, मी फट धरून उभा आहे. तिकडचे कडवे त्याला विकला गेलेला म्हणत आणि तुरुंगात राहिलेल्यांच्या बायका त्याला भित्रा म्हणत. मी कुणाच्या बाजूचा होतो ते सांगायला नको.

मग चाकण. वीसेक वर्षांपूर्वी आमच्या कंपनीच्या चाकणच्या नव्या प्लांटमध्येही युनियन केली म्हणून आम्हाला बाहेर काढलं होतं. गेटसमोर मांडव टाकून आम्ही दीड महिना बसलो होतो. कुणी ढुंकून बघत नव्हतं. तेवढ्यात कळलं, इराणचं शिष्टमंडळ प्लांट बघायला येतंय, सोबत श्रममंत्री. मी त्याला निरोप पाठवला, फार काही करू नकोस, गाडीतून उतर, मांडवात पाच मिनिटं बस, एक चहा घे. एका मंत्र्यानं आमच्यासोबत चहा घेतला असता तर पेपरवाले धावत आले असते. आई तेव्हा थकली होती, तरी तिनं बरणीतली खडीसाखर पुडीत बांधून दिली. "त्याला इचार, तीनदा इचार," म्हणाली.

गाड्या आल्या. तिसऱ्या गाडीची काच खाली झाली. बेहरूझनं मला पाहिलं, छातीवर हात ठेवला, मान झुकवली... आणि काच वर गेली. गेट उघडलं, गाडी आत. माझ्या हातात पुडी तशीच. मांडवातला एक जण म्हणाला, "भाऊ, हाच का तुमचा दोस्त?" मी पुडी खिशात घातली.

आठवड्यानं कंपनीनं आमच्यातल्या निम्म्या लोकांना कामावर परत घेतलं. मी राहिलेल्या निम्म्यात होतो. फार उशिरा, एका मॅनेजरच्या तोंडून कळलं की आत जेवताना बेहरूझनंच विषय काढला होता, सगळ्यांना घ्या म्हणाला होता, आणि सगळ्यांना शक्य नाही म्हटल्यावर निम्म्यांवर आला होता. ज्यांच्या चुली पेटल्या त्यांना त्याचं नाव माहीतही नाही. आणि मी? मला त्याचे उपकारही नको होते आणि त्याची फटही नको होती. मला तो गाडीतून उतरायला हवा होता.

त्याचं मंत्रिपद गेलं. पुढच्या निवडणुकीला त्याचा अर्जच बाद केला. मग चौकशा, मग खटला. ज्यांच्यापुढे त्यानं आयुष्यभर मान झुकवली त्यांनीच. तीन वर्षांपूर्वी एका दुपारी त्याचा फोन आला. आवाज ओळखला नाही मी आधी. म्हणाला, "दत्ता, इथली हवा बरी नाही." पासपोर्ट अजून हातात आहे, किती दिवस राहील सांगता येत नाही, हेही बोलता बोलता म्हणाला. मी म्हटलं, "मग इकडे ये. आमच्याकडे राहा."

"नको रे. तुला त्रास."

"कसला त्रास? ये."

"नको, दत्ता. तुझं घर लहान."

मग तो थांबला. मीही थांबलो. ती शांतता कसली होती हे या जगात आकुर्डीच्या एकाच घराला कळलं असतं, आणि मी त्याच घरातला. आई गेली होती, नाहीतर तिनं फोन हिसकावून घेतला असता. माझ्या डोळ्यांसमोर ती वर जाणारी काच होती. मी म्हणालो, "बरं. काळजी घे." आणि फोन ठेवला.

महिन्याच्या आत त्याचा पासपोर्ट काढून घेतला. मग आजार निघाला. बाहेरच्या देशात ऑपरेशन होण्यासारखं होतं, जाऊ दिलं नाही.

त्याची मुलगी गेल्या आठवड्यात पुन्हा बोलली. तिला बिचारीला काय माहीत, सहज सांत्वनाचं म्हणून सांगितलं. त्या दुपारी तुमच्याशी बोलल्यावर बाबा फोनपाशीच बसून राहिले, माझ्या आईनं जेवायला हाक मारली तरी उठले नाहीत. कशाची वाट बघताय विचारलं, तर म्हणाले, "दत्ता अजून एकदा विचारेल."

मी खोटं बोलणार नाही. माझ्या लक्षात राहिलं नाही, असं झालं नव्हतं. तेव्हा सगळं माझ्या लक्षात होतं. आयुष्यभर ज्याला अर्ध्यावर थांबतोस म्हणून मी हिणवलं, त्याच्यासाठी मी दोनवर थांबलो.

आईची बरणी अजून आमच्या देवघरात आहे. शालन भरत असते. मला आता एक खोड लागली आहे, घरी कुणीही आलं की मी चहाचं तीनदा विचारतो. लोक वैतागतात. परवा विजेच्या मीटरचं रीडिंग घ्यायला एक माणूस आला होता. चहा घेता का म्हटलं, नको म्हणाला. पुन्हा विचारलं, नको काका. तो पायऱ्या उतरायला लागला तेव्हा मी दारात जाऊन तिसऱ्यांदा ओरडून विचारलं. तो वळून म्हणाला, "अहो काका, खरंच नकोय." खरंच नको होता त्याला.