राजीखुशीची गोधडी

पाच आठवडे झाले. सकाळी चहा गाळत होतो तेव्हा माझ्या जुन्या विद्यार्थिनीचा, मनीषाचा फोन आला, "सर, अप्पा गयात." अप्पा म्हणजे तिचे वडील, सुरतेतल्या लिंबायतमधले लूम-मास्तर, यंत्रमागांचे जाणकार. दारात उभं राहून, नुसत्या खडखडाटावरून, कुठला लूम बिघडलाय ते सांगणारा माणूस. धुळ्याकडून विशीत सुरतेला आले ते इथलेच झाले. मी पालिकेच्या मराठी शाळेतला मास्तर, आता निवृत्त. आमची मैत्री भांडणातून सुरू झाली आणि अकरा वर्षं भांडणावरच टिकली. अशा माणसासाठी रडू यायला हवं. मला मात्र त्यांच्या शोकसभेपासून संताप आलाय आणि तो काही केल्या उतरत नाही. म्हणून हे लिहितोय.

भांडणाची सुरुवात माझ्या चुकीने झाली. नेपाळात भूकंप झाला त्या वर्षी शाळेत मदतनिधी गोळा करायचा होता. ज्याला द्यायचं त्याने द्यावं, असंच पालिकेच्या पत्रात म्हटलं होतं. सक्ती माझी. आपला वर्ग पहिला यावा, या हौसेपायी मी फळ्यावर लिहिलं, 'प्रत्येकाने दहा रुपये आणलेच पाहिजेत.' मनीषा तेव्हा सहावीत. तिने आणले नाहीत, आणि "अप्पा म्हणतात, सांगून घेतलेलं दान नसतं" असं तोंड वर करून सांगितलं. मी तिला अख्खा तास उभं केलं. करुणेचा धडा शिकवत होतो मी, आणि तो शिकवायला एका पोरीला पस्तीस पोरांसमोर उभं केलं!

दुसऱ्या दिवशी अप्पा शाळेत आले. सायकलच्या कॅरिअरला हे एवढं मोठं गाठोडं. मला वाटलं, आता तमाशा होणार. त्यांनी आवाजसुद्धा चढवला नाही. "सर, तिले कसाले उभं करं? देनाराना हात आपला आपन उघडाना. दुसरानी पिरगाळीसन उघडा, ते ते दान नही, लूट शे." मी म्हणालो, तिकडे माणसं ढिगाऱ्याखाली आहेत आणि तुम्ही तत्त्वज्ञान सांगताय? त्यांनी गाठोडं सोडलं. आत सात गोधड्या होत्या. त्यांच्या कारखान्याचा वॉचमन नेपाळचा, तो संध्याकाळी गावी निघाला होता, त्याच्याबरोबर जायच्या होत्या. "ह्या बी तठेच चालन्यात," एवढं म्हणून त्यांनी गाठ पुन्हा बांधली. मला लाज वाटली. पण लाज वाटली की माणूस अधिकच भांडतो, तसा मी पुढे अकरा वर्षं भांडलो.

गरजूंना धाडायच्या त्या गोधड्यांची एक रीत होती. कापडाचे तागे कापताना उरलेले तुकडे कारखान्यात मिळायचे, त्यांचं अस्तर व्हायचं. वरचे तुकडे मात्र घरोघरचे. अप्पा आणि जिजाबाई, म्हणजे मनीषाची आई, रविवारी गल्लीत निघायचे. प्रत्येक घरातून एकच तुकडा घ्यायचा. जुन्या लुगड्याचा, परकराचा, फाटक्या सदऱ्याचा. तुकडा हातात आला की अप्पा विचारायचे, "राजीखुशी का?" आणि थांबायचे. खरंच थांबायचे, तोंडाकडे बघत. समोरच्याने "हो" म्हणताना जराशी जरी ओढाताण दाखवली, तरी तुकडा परत. राग नाही, टोमणा नाही, उलट तिथेच बसून चहा घ्यायचे. एकदा एका बाईने नवऱ्याच्या धाकाने चांगली ओढणी पुढे केली. अप्पांनी ती घडी करून तिच्याच खांद्यावर ठेवली आणि नवऱ्याला म्हणाले, "तुन्हं काय दी ऱ्हायनास ते दाखाड." नवरा खजील होऊन आपला पंचा घेऊन आला, तर त्यालाही विचारलंच, राजीखुशी का!

सरकारने कुठल्या देशाला मदत पाठवली की पेपर घेऊन स्वारी माझ्याकडे हजर. मदतीबद्दल त्यांना राग नव्हता, हे मी आज ठासून सांगतो, कारण पुष्कळांनी त्यांना दगडाच्या काळजाचा ठरवलं. चहाच्या टपरीवर एकजण म्हणाला, "बरोबर आहे अप्पा, आपल्याच लोकांना पुरत नाही, परक्यांना कशाला?" त्याच्यावर असे उखडले की चहा तसाच राहिला. "मानूस परका नही व्हत रे! जबरदस्ती परकी शे." त्यांचं म्हणणं सरळ होतं. ते काडेपेटी घेतात, साबण घेतात, त्यातून सरकार कर काढतं. तो कर रस्त्याला लावा, दिव्याला लावा, ते त्यांच्यासमोर दिसतं. पण दान हे ज्याचं त्याने करायचं. न विचारता माझ्या खिशातून काढायचं, तिकडच्या साहेबाच्या हातात ठेवायचं आणि दोघा साहेबांनी हसून फोटो काढायचा, म्हणजे हलवायाच्या घरावर तुळशीपत्र! "फोटोमा मी कोठे शे?" ते पेपरवर बोट आपटून विचारायचे. "अन ज्याले भेटनं पाहिजे तो तरी कोठे शे?"

मी काही कमी नव्हतो. म्हणायचो, अप्पा, तुमच्या गोधड्या पोचेपर्यंत माणूस थंडीने मरेल. सरकारचं विमान दुसऱ्या दिवशी औषधं घेऊन उतरतं. गल्लोगल्ली विचारत बसलं तर कोण वाचेल? यावर ते पेपरची घडी घालायचे. मग म्हणायचे, "ते मंग सरकारनी बी दारशी याव. मांगाव. मी नही म्हनसू का?" हे उत्तर मला तेव्हाही पुरेसं वाटलं नाही आणि आजही वाटत नाही. तसे अप्पा दर वेळी तत्त्वाला धरून होतेच असं नाही. निवडणुकीआधी वाटलेली साडी त्यांनी परत करायला लावली, त्यावर जिजाबाई आठ दिवस त्यांच्याशी बोलल्या नाहीत. पण रेशनचे गहू मुकाट्याने घरी यायचे. मी चिडवलं की म्हणायचे, "ते मन्हंच शे, वापस ली ऱ्हायनू." माझा पगारही त्यांच्याच करातून येतो, असा त्यांचा दावा होता.

शेवटची भेट सरकारी दवाखान्यात झाली. छातीत पाणी झालं होतं, बोलताना धाप लागत होती. मला बघून हसले. "सरकारी खाटवर शे मी. आते जितनात तुम्ही." अकरा वर्षं याच वाक्याची वाट पाहिली होती मी. पण जिंकल्याचं काही वाटलं नाही. मी त्यांची चादर नीट केली आणि बाहेर येऊन जिन्यावर बसलो.

आणि मग ती शोकसभा. डिंडोलीच्या वाडीत, म्हणजे समाजाच्या कार्यालयात, तेराव्यानंतरच्या रविवारी. आमच्या समाज-मंडळाचे अध्यक्ष उभे राहिले. दोन शब्द चांगले बोलले, आणि मग जाहीर केलं, की शेजारच्या एका देशात पूर आलाय, सरकारने मदत जाहीर केलीच आहे, तर अप्पांच्या स्मरणार्थ मंडळातल्या प्रत्येक घराने ठरलेली रक्कम सरकारी निधीला दिलीच पाहिजे. न देणाऱ्यांची नावं फलकावर लागतील. धनादेश देताना पुढाऱ्यांबरोबर फोटो, मागे अप्पांची मोठी तसबीर! जन्मभर जो माणूस या एका गोष्टीशी झगडला, त्याच्या तसबिरीला साक्षीला उभं करून तीच गोष्ट करायची. जिवंतपणी ज्याला एका फोटोत जागा नव्हती, त्याला मेल्यावर फ्रेममध्ये घालून आणायचं. माझं डोकं फिरलं. मी उठलो, म्हणालो, "अध्यक्ष, हे अप्पांचं स्मरण नाही, त्यांची विटंबना आहे." अध्यक्ष मंद हसले. "सर, आज तरी राजकारण नको. बसा."

आणि मी बसलो! याचाच मला सगळ्यात जास्त राग आहे. एका पोरीला तासभर उभं करणारा मी, माझ्यावर वेळ आली तेव्हा मिनिटभर उभा राहू शकलो नाही. उभी राहिली ती मनीषा. जागेवरूनच म्हणाली, "ज्याले देनं शे त्यानी द्या. मन्हा बापनं नाव त्याम्हा नको." मग पुढे गेली, खुर्चीवरची तसबीर उचलली, पदराने पुसली आणि आईला घेऊन घरी गेली. सभा आपोआप मोडली.

गेल्या रविवारी दार वाजलं. मनीषा होती, खांद्यावर गोधडी. पूर आलेल्या त्याच देशातला एक कारागीर पलसाण्याच्या डाईंगमध्ये, कापड रंगवायच्या कारखान्यात आहे, तो पुढच्या आठवड्यात गावी जाणार आहे. गोधडी भरत आली होती. मधोमध अप्पांच्या निळ्या सदऱ्याचा तुकडा होता आणि कोपऱ्यात एक चौकोन रिकामा. मी आत गेलो. शाळेत शेवटच्या दिवशी घातलेला सदरा कपाटातून काढला, कात्रीने पाठीचा तुकडा कापला आणि तिच्या हातात दिला. तिने तो लगेच घेतला नाही.

"सर, राजीखुशी का?"

आणि थांबली. तशीच, तोंडाकडे बघत. मी 'आत येऊन बस' म्हटलं, तर बसली नाही. माझं उत्तर येईपर्यंत ती दारात उभी होती.