राजापुढचं प्यादं, एकच घर

बाळांनो, गेल्या रविवारी फोनवर तुम्ही सांगितलंत की शाळेच्या बुद्धिबळ स्पर्धेत तुम्ही दोघंही 'धाकट्या आजीची सुरुवात' खेळलात. त्या नावामुळेच आज लिहायला बसले. ती सुरुवात धाकट्या आजीची नाही, माझी आहे.

माझ्या वडिलांच्या बुद्धिबळात प्यादं पहिल्या खेळीतही एकच घर चालायचं. तो जुना देशी नियम. म्हणून राजापुढचं प्यादं एक घर, मग उंटाला वाट, ही सवय मला लागली. माझी धाकटी जाऊ, म्हणजे तुमची धाकटी आजी, लग्न होऊन जिवतीहून चंद्रपूरला आली, तेव्हा तिला मोहऱ्यांची नावंही ठाऊक नव्हती. दुपारी तांदूळ निवडून झाले की मीच तिला शिकवायची. डाव कुणीच जिंकला नाही की ती म्हणायची, "बराबर झाली, बाई."

पुढे ती मला हरवू लागली. तुम्ही मोबाइलवर तिच्याशी खेळू लागलात, आणि मला फक्त "आजी, जेवलीस का?" एवढंच विचारू लागलात. ते मला लागायचं.

मागच्या हिवाळ्यात इथे ज्येष्ठांची स्पर्धा झाली. शेवटच्या फेरीत आम्ही दोघी समोरासमोर. तिने माझ्याच सवयीने आपलं राजापुढचं प्यादं एक घर पुढे केलं आणि हसली. हिच्याकडून हरायचं नाही, एवढंच माझ्या डोक्यात होतं. हरले असते तर संध्याकाळपर्यंत तुम्हाला कळलं असतं. पण तासाभरात माझा वजीर तिच्या उंट-घोड्यांत अडकला. त्याला जायला घरच उरलं नाही.

स्पर्धेत प्रत्येक खेळी कागदावर इंग्रजी अक्षरांत लिहावी लागते. ते तिला त्याच सकाळी मी शिकवलं होतं. तिने आपला कागद माझ्याकडे वळवला. "बाई, बराबर हाय नं?"

ती लिहिलेलं तपासून घेत होती, हे मला कळलं होतं. तरी मी "बराबर, मान्य" म्हणून हात पुढे केला आणि पंचांना बोलावलं.

"बरोबरी?" त्यांनी तिला विचारलं.

तिने माझ्या वजिराकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "बाई म्हणून राह्यल्या, तं बराबरच."

परतताना ऑटोत म्हणाली, "वजीर तं सुखरूप घरी आला नं, बाई?"

तुम्हाला मात्र तिने बरोबरी झाली, एवढंच सांगितलं. तिचा तो मोठेपणाही मला सहन होत नाही.

तिचा तो कागद मी मागून घेतला. तो माझ्या कपाटात आहे. खाली दोघींच्या सह्या आहेत, आणि पहिल्या ओळीत, तिच्या अक्षरात, माझ्या वडिलांचं प्यादं एक घर पुढे आहे.