पाटाच्या पाण्याची टिकटिक

राहुरीजवळच्या आमच्या वस्तीला पाटाचं पाणी पाळीनं मिळायचं. पाणी चारीला, म्हणजे पाटातून शेताकडे येणाऱ्या फाट्याला, आलं की नाही, हे बघायला माझा थोरला भाऊ दिवसभर तिथं बसायचा आणि पाणी दिसलं की मैलभर पळत यायचा. मी शाळेत विज्ञान शिकवायचो. त्याची धाप बघून माझं डोकं चालायला लागलं. जुन्या रेडिओचे भाग जोडून एक यंत्र केलं. भावानं चारीवर बटण दाबलं की आमच्या रेडिओत टिकटिक वाजे.

पण ती शेजाऱ्यांच्या रेडिओतही वाजली, तीही ऐन बाजारभाव सांगताना. एका शेजाऱ्यानं तक्रार केली. रेडिओची लायसन्सं देणारे पोस्टमास्तर सायकलवरून आले.

"गुरुजी, तुमचं लायसन ऐकायचं हाय, संदेश पाठवायचं न्हाई. त्याला दिल्लीची परीक्षा द्यावी लागती. तवर हा गुन्हा हाय."

मी रागारागानं तारा उपटल्या.

पुढच्या पाळीला तोच शेजारी खांद्यावर फावडं घेऊन दारात उभा. "गुरुजी, टिकटिक का वाजंना? आमी सकाळपास्नं रेडिओ लावून बसलोय!"

मी सायकल काढली आणि परीक्षेचा अर्ज मागवायला थेट पोस्टात गेलो.